कुठल्या प्रश्नाला कुठला कागद

अलिबागहून रेवदंड्याच्या रस्त्याला लागले आणि साखरची खाडी ओलांडली की आक्षी लागते. नारळी-पोफळीच्या वाड्या, कोळीवाडा, सुरूचे बन आणि पलीकडे समुद्र. पर्यटक इथे येतात ते किनाऱ्यासाठी. मराठी भाषेच्या इतिहासात मात्र आक्षीचे नाव राहिले ते एका दगडामुळे. वर चंद्र-सूर्य, खाली ओबडधोबड देवनागरीत कोरलेल्या मोजक्या ओळी. पश्चिम समुद्राचा अधिपती आणि कोकणचा चक्रवर्ती अशी बिरुदे मिरवणारा राजा केशीदेवराय, त्याचा महाप्रधान भइर्जू सेणुई, आणि देवी महालक्ष्मीच्या बोडणासाठी नेमून दिलेले नऊ कुवली धान्य, एवढाच त्यातला मजकूर. साल शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२. ज्या दगडाला आज मराठीतल्या सर्वांत जुन्या शिलालेखांत मानाचे स्थान दिले जाते, तो कित्येक वर्षे रस्त्याच्या कडेला ऊनपाऊस खात उभा होता.

दरवर्षी २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनाच्या सुमारास शाळाशाळांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो: मराठीतला पहिला शिलालेख कोणता? ज्यांनी जुनी पुस्तके वाचली ते श्रवणबेळगोळ म्हणतात. अलिबागकडची मुले आक्षी म्हणतात. सोलापूरचा विद्यार्थी भीमा-सीना संगमावरच्या हत्तरसंग कुडलचे नाव घेतो. तिघांच्याही हातात काही ना काही छापील आधार असतो. बक्षीस एकालाच द्यायचे असल्याने मास्तर उत्तरपत्रिकेत असेल ते उत्तर बरोबर धरतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात.

खरे शिक्षण तिथेच सुरू व्हायला हवे. एकाच प्रश्नाची तीन उत्तरे कुठून आली, याचा माग काढला तर कोणता संदर्भ कशासाठी घ्यावा हे मुलांना आपोआप कळू लागते.

आधी श्रवणबेळगोळ. गोमटेश्वराच्या पायाशी मराठीत दोन ओळी आहेत. एक सांगते, हे चावुंडरायाने करविले. दुसरी सांगते, भोवतालची ओवरी गंगराजाने करविली. या ओळींवर साल नाही. मूर्ती दहाव्या शतकाच्या अखेरीस उभी राहिली, म्हणून ओळीही तेव्हाच्याच, असे धरून ९८३ हा आकडा पुस्तकांतून फिरत राहिला. पण गंगराज हा होयसळ राजा विष्णुवर्धनाचा मंत्री. त्याचा काळ बाराव्या शतकाचा आरंभ. दोन्ही ओळींचे अक्षरवळण सारखे असेल तर त्या एकाच वेळी कोरल्या गेल्या, आणि ती वेळ १११६-१७ च्या आसपासची. शं. गो. तुळपुळे यांनी पुणे विद्यापीठाने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या 'प्राचीन मराठी कोरीव लेख' या ग्रंथात जुने लेख पुन्हा वाचले, साल लिहिलेले आणि साल न लिहिलेले यांत फरक केला, आणि आक्षीचा दगड पुढे आला. तरीही श्रवणबेळगोळ हेच उत्तर पुढे कितीतरी वर्षे प्रश्नपत्रिकांतून टिकले. एका पुस्तकाने दुसऱ्यावरून, दुसऱ्याने तिसऱ्यावरून घेतले. मूळ ओळी कोणी पाहिल्या नाहीत.

मग आक्षीचे साल तरी पक्के कशावरून? नववीतल्या मुलालाही हे पडताळून पाहता येते, आणि वर्गात करून घ्यावा असा हा अभ्यास आहे. लेखात शकाबरोबर संवत्सराचे नावही आले आहे. ते परिधावी असे वाचले जाते. संवत्सरांची नावे साठ, आणि साठ वर्षांनी तेच नाव फिरून येते. दक्षिणेकडच्या गणनेप्रमाणे परिधावी हे सेहेचाळिसावे. महाराष्ट्राला होरपळून काढणारा १९७२ चा दुष्काळ ज्या शके १८९४ मध्ये पडला, त्या वर्षी परिधावी संवत्सर होते. घरात कोणी जुने पंचांग जपून ठेवले असेल तर पहिल्याच पानावर दिसेल. १८९४ मधून साठाची सोळा आवर्तने, म्हणजे ९६० वर्षे वजा केली की ९३४ उरतात. शक आणि संवत्सर एकमेकांची साक्ष देतात. बेरीज-वजाबाकीपलीकडे काही लागत नाही, आणि हजार वर्षांपूर्वीचा दगड मुलाच्या वहीत येऊन बसतो.

इथे थांबूनही चालत नाही. उत्तर कोकणच्या शिलाहारांत केशीदेव दोन झाले. पहिला अरिकेसरी ऊर्फ केशीदेव. ठाण्याला सापडलेला त्याचा ताम्रपट शके ९३९ चा आहे. दुसरा तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. आक्षीच्या दगडावरची अक्षरे झिजलेली, कोरणाऱ्याचा हात कच्चा. त्यामुळे काही अभ्यासकांनी सालाच्या आकड्यांविषयी शंका घेतली आणि लेख उशिराचा मानला. ज्यांना आक्षीचे साल मान्य नाही त्यांच्या दृष्टीने शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा हत्तरसंग कुडलचा लेख पहिला ठरतो. सोलापूरचे आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. कुठल्याही विद्यापीठाचे पाठबळ नसलेला हा माणूस आयुष्यभर शिलालेखांमागे हिंडला. दुसऱ्या केशीदेवाच्या काळात परिधावी संवत्सर बसत नाही हे वरच्याच गणिताने काढता येते: त्या काळाच्या अलीकडे-पलीकडे ते ११९२ आणि १२५२ या वर्षी येते. पण संवत्सराचे नावच वेगळे वाचले तर हा आधार सुटतो. म्हणून विद्यार्थ्याने लिहायचे ते असे: तुळपुळ्यांच्या वाचनाप्रमाणे आक्षी, शके ९३४, वाचनाविषयी मतभेद आहेत. प्रश्नमंजूषेत हे उत्तर बसत नाही. इतिहासात मात्र हेच उत्तर बरोबर.

याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन तालुक्यात, दिवेआगरला शके ९८२ चा, म्हणजे १०६० चा मराठी ताम्रपट मिळाला. शिलालेख आणि ताम्रपट यांतला फरक ध्यानात न घेता 'पहिला मराठी लेख दिवेआगरचा' असेही वाक्य वाचायला मिळते. एका जिल्ह्यातल्या दोन गावांचे अशा वाक्यांपायी उगाच भांडण लागते.

दहावीच्या वर्गातला कुठलाही प्रकल्प उघडला की शेवटच्या पानावर 'संदर्भ' असा मथळा असतो. त्याखाली बहुधा एकच शब्द: इंटरनेट. फार तर गूगल, विकिपीडिया. यात मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. संदर्भ म्हणजे काय, तो निवडतात कसा, हे त्यांना कोणी शिकवलेले नसते. खरे तर महाराष्ट्राकडे याची परंपरा आहे, आणि तिची सुरुवात एका विद्यार्थ्यानेच केली. ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली निघाला आणि चाळीस वर्षे प्रमाण मानला गेला. नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजात शिकणाऱ्या तरुणाने १८६८ च्या सुमारास त्यावर टीकेचा निबंध लिहिला. डफने कुठली साधने पाहिली, कुठली पाहिली नाहीत, आणि पाहिली ती कशी वापरली, हे त्याने विचारले. पुढे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला घेतली आणि बावीस खंडांपर्यंत नेली. वाड्यांच्या माळ्यांवरून, देवळांच्या पेट्यांतून, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेल्या रद्दीतून त्यांनी कागद वाचवले. बखर ही घडलेल्या गोष्टीनंतर लिहिलेली, पत्र हे घडत असतानाचे. एवढी साधी गोष्ट त्यांनी मराठी वाचकाच्या मनावर ठसवली.

पण राजवाड्यांचे खंड विद्यार्थ्याच्या हाती दिले तर तो पहिल्याच पानावर अडतो. त्याला हात धरून पायऱ्या चढवणारा माणूस याच जिल्ह्यातून गेला. ग. ह. खरे यांचा जन्म १९०१ साली पनवेलचा. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात त्यांनी आयुष्य घातले, फारसी साधनांचे खंड संपादले, मूर्तिविज्ञानावर लिहिले. आणि १९५१ साली त्यांनी 'संशोधकाचा मित्र' काढले. जुना कागद हातात आला तर त्याची लिपी कोणती, त्यावरची तिथी कुठल्या कालगणनेतली, ती आजच्या तारखेत कशी बसवायची, अशा अडचणींत सोबत करणारे हे पुस्तक आहे. कोणाच्या पराक्रमाची कथा त्यात नाही, म्हणून ते गाजले नाही. शिक्षकांच्या प्रशिक्षणात हे पुस्तक एकदा तरी हाताळायला दिले पाहिजे.

या किनाऱ्याविषयी काहीही शोधायचे झाले की पहिले बोट गॅझेटियरकडे दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादनाखाली निघालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा अकरावा खंड १८८३ चा. त्यात कुलाबा आणि जंजिरा एकत्र आहेत. बंदरे, मीठ, मासेमारी, जमीनमहसूल, जाती, गावे. शेवटी अकारविल्हे स्थळवर्णन. राज्य सरकारने सुधारलेली आवृत्ती १९६४ ची. जुने खंड आता संगणकावर फुकट वाचता येतात. पण ते कशासाठी लिहिले गेले हे मुलांना सांगायला हवे. कारभार चालवायला निघालेल्या सरकारला जे जाणून घ्यायचे होते ते त्यात आहे: सारा किती, पीक कुठले, बोट कुठे लागते. १८८० च्या आसपास रेवदंड्याच्या बंदरात काय उतरत होते हे गॅझेटियरकडून घ्यावे. कोळणीच्या घरात काय शिजत होते, हे तिथे शोधू नये. आणि एखाद्या गावाच्या स्थापनेची कथा देताना तिथे 'असे म्हणतात' असे आले असेल, तर उतारा घेताना तेवढे दोन शब्द गाळू नयेत. कथेची हकीकत होते ती असे शब्द गळाल्यामुळेच.

शोधताना दुसरी अडचण येते ती नावाची. जिल्ह्याचे रायगड हे नाव १९८१ चे. त्याआधीच्या कुठल्याही पुस्तकाच्या सूचीत 'रायगड' काढले तर महाडजवळचा किल्ला मिळेल, जिल्हा मिळणार नाही. त्यासाठी 'कुलाबा' काढावे लागते. तिथेही सावध राहावे लागते, कारण कुलाबा मुंबईतही आहे. वेधशाळेच्या बाबतीत हा गोंधळ फारच होतो. १८५९ च्या सप्टेंबरात सूर्यावरच्या स्फोटामुळे पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ आले, आणि त्याची मोलाची नोंद कुलाबा वेधशाळेत झाली. ती वेधशाळा मुंबईतली. पुढे मुंबईत विजेच्या ट्रॅम येऊ घातल्या; विजेच्या प्रवाहाने नाजूक नोंदी बिघडणार हे उघड होते. तेव्हा संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला आणली, म्हणजे कुलाबा जिल्ह्यात! 'कुलाबा, १८५९' एवढेच वाचून प्रकल्पात अलिबागच्या इमारतीचे छायाचित्र लावणाऱ्या मुलाची चूक समजण्यासारखी आहे.

या स्थलांतरातली एक गोष्ट मात्र प्रत्येक वर्गात सांगावी अशी आहे. मुंबईतले काम लगेच बंद केले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, जेणेकरून दोन जागांमधला फरक मोजता यावा आणि जुनी मालिका नव्या मालिकेला अचूक जोडता यावी. १८४१ पासून आजपर्यंतची ही नोंद जगातल्या मोजक्या दीर्घ मालिकांत गणली जाते, ती त्या दोन वर्षांच्या खबरदारीमुळे. भरवशाचा संदर्भ तयार कसा होतो, याचे इतके चोख उदाहरण शोधून सापडणार नाही. ती वास्तू अलिबागच्या मुलांना सायकलवरून जाता येईल इतकी जवळ आहे.

नावांचा हा खेळ याच किनाऱ्यावरच्या चौल बंदराच्या बाबतीत आणखी जुना. ग्रीक खलाशांच्या लेखनात ते सेमिल्ला, अरबांच्या लेखनात सैमूर. अल् मसूदी इ.स. ९१६ च्या सुमारास इथे आला, तेव्हा झंझ नावाचा शिलाहार राजा होता आणि बंदरात सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती होती, असे तो नोंदवतो. सूचीत फक्त 'चौल' पाहणाऱ्याला हे सगळे बंद राहते.

आंग्र्यांपाशी आले की प्रश्न अधिक अवघड होतो. कान्होजी आंग्रे इंग्रजी पुस्तकांत समुद्री चाचा, मराठी कागदांत सरखेल. क्लेमंट डाऊनिंग नावाच्या इंग्रज नाविकाचे पुस्तक लंडनला १७३७ साली छापले गेले. १७२१ च्या अलिबागच्या कुलाबा किल्ल्यावरच्या स्वारीत तो स्वतः होता. प्रत्यक्षदर्शी म्हणून त्याचे मोल मोठे, पण तो हरलेल्या बाजूचा आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या चष्म्यातून पाहणारा. तोफा किती, माणसे कुठे उतरली, चिखलात कोण फसले, हे त्याला विचारावे. व्यापारी गलबतांना दस्तक घ्यायला लावण्याचा अधिकार कान्होजींना कुठून आला, हे मराठी कागदांना विचारावे. त्याच स्वारीत इंग्रजांबरोबर पोर्तुगीज होते. शाहूंनी धाडलेली बाजीरावाची फौज आल्यावर पोर्तुगिजांनी १७२२ च्या जानेवारीत वरसोलीला मराठ्यांशी वेगळा तह केला. इंग्रज म्हणतात त्यांनी दगा दिला. पोर्तुगिजांची बाजू पणजीच्या दप्तरात. त्यासाठी पोर्तुगीज भाषा यायलाच हवी असे नाही; पांडुरंग पिसुर्लेकरांनी तिथले कागद चाळून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' मराठीत लिहून ठेवले आहे. जिल्ह्यातल्या अभ्यासकांनीही आपला वाटा उचलला: ढबूंचे 'कुलाबकर आंग्रे सरखेल' १९३९ चे, शा. वि. आवळसकरांचे 'आंग्रेकालीन अष्टागर' १९४७ चे.

तारखांची गंमत त्याहून मोठी. १७२१ साली पोर्तुगीज ग्रेगोरियन पंचांग वापरत होते, इंग्रज अजून जुने जूलियन. दोहोंत अकरा दिवसांचा फरक. शिवाय इंग्रजांचे वर्ष २५ मार्चला बदले. म्हणजे एकाच किल्ल्यावर, एकाच सकाळी, खांद्याला खांदा लावून चालून गेलेल्या दोन फौजांच्या कागदांत त्या दिवसाच्या तारखा वेगळ्या! हे ठाऊक नसलेला वाचक एका लढाईच्या दोन लढाया करतो, किंवा एका कागदाला खोटे ठरवतो.

आणि मराठी पत्रावर तिसरीच तऱ्हा. तिथे साल आकड्यांत नसून अरबी शब्दांत: 'सलासीन मया व अलफ'. सलासीन म्हणजे तीस, मया म्हणजे शंभर, अलफ म्हणजे हजार. शुहूर सन ११३०. त्यात ५९९ मिळवले की १७२९. पण हे वर्ष मृगाला सुरू होते, म्हणून पत्र पुढच्या जानेवारी ते मेमधले असेल तर ६०० मिळवायचे आणि १७३० धरायचे. कान्होजी वारले ते याच शुहूर वर्षाच्या आरंभी, १७२९ च्या पावसाळ्यात. जंत्री उशाशी असल्याशिवाय आंग्रेकालीन कागदाला हात घालू नये. मुलांना मात्र हे गणित कोड्यासारखे आवडते. एकदा कळले की एकमेकांच्या जन्मसालांची शुहूर सने काढत बसतील.

या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल या ज्यू समाजाची गोष्ट वेगळ्या जातीची. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, बुडालेल्यांना तिथेच पुरले, ही त्यांची परंपरा. हाईम सॅम्युएल केहीमकरांनी समाजाचा इतिहास १८९७ च्या सुमारास लिहून काढला; छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवला. २०१६ च्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वंशांश स्पष्ट दिसले. त्यावरून गलबताची कथा सिद्ध झाली असे म्हणता येत नाही, आणि खोटी ठरली असेही नाही. वंशाचा प्रश्न प्रयोगशाळेला विचारता येतो. सात जोडप्यांची आठवण पिढ्यान्‌पिढ्या का जपली, हा प्रश्न केहीमकरांना, आणि अलिबागेत अजून राहणाऱ्या वृद्धांना विचारावा लागतो. त्यांचे बोलणे टिपून ठेवताना सांगणाऱ्याचे वय आणि टिपल्याची तारीख लिहून ठेवणे हेही संदर्भाचेच काम.

आणि कोश? श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० ते १९२७ या काळात ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले. लक्ष्मणशास्त्री जोशींच्या विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा. दोन्ही आज मोबाइलवर उघडतात. अनोळखी विषयात शिरण्यासाठी याहून चांगली वाट नाही. पण केतकरांच्या खंडातली लोकसंख्या शंभर वर्षांपूर्वीची असते, आणि विश्वकोशाच्या क-च्या खंडाला आपला जिल्हा पुढे रायगड होणार हे ठाऊक नव्हते. नोंद कुठल्या साली लिहिली हे पाहण्याची सवय मुलाला लागली की अर्धे काम झाले. शब्दाच्या अर्थासाठी तुळपुळे आणि अ‍ॅन फेल्डहाऊस यांचा जुन्या मराठीचा कोश आहे. त्यात प्रत्येक अर्थापुढे तो शब्द कुठल्या लेखात किंवा ग्रंथात आला ते दिलेले असते. कोशाने आपला पुरावा असा वाचकापुढे मांडावा.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाल्यापासून आक्षीच्या दगडाविषयी विचारणा वाढली आहे. अलिबागच्या शाळांना त्यासाठी लांबच्या सहलीची गरज नाही. प्रत्येक मुलाने दगडापुढे बसून दिसतील तेवढी अक्षरे आधी स्वतः उतरवावीत, नंतर तुळपुळ्यांचे वाचन शेजारी ठेवावे, आणि जिथे आपल्याला वेगळे दिसले तिथे पेन्सिलीने खूण करावी. वहीच्या त्या पानाखाली 'संदर्भ' म्हणून दोन ओळी येतील: आक्षी येथील शिलालेख, प्रत्यक्ष पाहिला, अमुक तारीख, आणि तुळपुळे, १९६३.